बांडी : एका दिवडीच्या वर्षभराच्या नोंदी

७ जुलै २०२४

नोंदी आजपासून सुरू करतोय आणि सुरुवातच माझ्या चुकीनं होतेय, ती आधी लिहून टाकतो. सकाळी सातच्या सुमाराला तळ्याच्या सांडव्यापाशी एक मोठी दिवड, म्हणजे पाण्याकाठी राहणारा साप, फेकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यात अडकलेली दिसली. डोक्याच्या मागं वीतभरावर तीन-चार फास बसलेले आणि एक तर खवल्यांत रुतलेला. जवळ छोटी कात्री होती, एकेक दोरा कापत गेलो. ती दोनदा चावली मनगटाजवळ. दात बारीक आणि आत वळलेले असतात, त्यामुळे हात झटकला की जास्त ओरखडतं, तो झटकू नये हे माहीत असून झटकला. रक्त दहा-पंधरा मिनिटं झिरपत होतं, साबणानं धुतलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, बाकी काही नाही, दिवड बिनविषारी आहे.

इथपर्यंत ठीक होतं. शेवटचा फास सुटला तशी ती दगडांच्या फटीत शिरायला लागली आणि मला वाटलं की एक दोरा अजून अंगावर राहिलाय, म्हणून मी शेपटी धरली. तिनं ओढ घेतलीच नाही, ती स्वतःभोवती गरागरा फिरली, ओल्या कपड्याला पीळ देतात तशी, दोन-तीन फेरे, आणि माझ्या बोटांना काहीतरी निखळल्यासारखं जाणवलं. ती आत गेली. शेपटीचं टोक माझ्या हातात.

रक्त एक-दोन थेंब. वास मात्र भयंकर. गुदद्वाराजवळच्या ग्रंथींतून जो घाण द्रव सोडतात तो सगळा माझ्या बाहीवर. तुकडा ग्राफ पेपरवर ठेवून वरून-खालून फोटो काढले. लांबी ८.५ सेंमी. खालच्या बाजूला खवले जोडीनं असतात, त्या जोड्या झूम करून तीनदा मोजल्या, ३४ भरल्या. शेपटीत साधारण एका मणक्याला खालची एक जोडी असा हिशोब असतो, म्हणजे माझ्यामुळे तिचे चौतीसेक मणके गेले.

तुकडा घरी आणला नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात साप पकडायला बंदी आहे तशीच त्याचा अवयव जवळ बाळगायलाही, आणि तसंही तो तिथलाच होता. काठावर ठेवला, तासाभरानं मुंग्या लागल्या होत्या.

ती जगते का हे बघायचंय. हाच प्रकल्प.

९ जुलै

दोन दिवस वाचन. पालीची शेपटी तुटते तेव्हा मणक्याच्या आतच एक कच्ची रेघ असते, तिथं तो मणकाच दुभंगतो, आणि मग नवी शेपटी येते, तिच्यात हाडाऐवजी कूर्चेची दांडी. सापाचं तसं नाही. तो दोन मणक्यांच्या मधल्या सांध्यात तुटतो आणि परत कधीच वाढत नाही, जखम भरते आणि बोथट टोक राहतं. सगळ्या सापांची शेपटी अशी सुटतही नाही. दिवडीसारख्या काही जातींत मात्र धरलेल्या शेपटीभोवती अंग फिरवून सुटण्याची सवयच आहे. म्हणजे परवा तिनं जे केलं ते घाबरून झालेला अपघात नव्हता, बगळ्याच्या किंवा मुंगसाच्या तावडीतून सुटायला जे करते तेच तिनं माझ्या हातात केलं.

नावाबद्दल एकदाच लिहून ठेवतो. दिवड, पाणदिवड, कुठं विरोळा, कुठं इरूळा. शास्त्रीय नाव फाउलिया पिस्केटर, जुन्या पुस्तकांत झेनोक्रोफिस पिस्केटर म्हणून सापडेल. श्नायडरनं १७९९ मध्ये वर्णन केलं. पिस्केटर म्हणजे मासे धरणारा.

१४ जुलै

आठवडाभर धो धो पाऊस, तळं सांडव्यावरून वाहतंय. ती दिसली नाही. दुसऱ्या चार दिसल्या.

पद्धत ठरवली. रोज सकाळी एक फेरी आणि आठवड्यातून दोनदा रात्री टॉर्च घेऊन, कारण दिवड दिवसाही फिरते आणि रात्रीही. कुठल्याही सापाला हात लावायचा नाही, पुन्हा जाळ्यात दिसलीच तर सर्पमित्राला फोन. प्रत्येकीचे फोटो दोनच जागचे: मानेची डावी बाजू आणि शेपटी. अंगावरचे काळे चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे असतात पण प्रत्येकीचे वेगळे, कुठं दोन चिकटलेले, कुठं एक अर्धाच, त्यावरून ओळख पटते. सात तारखेच्या फोटोंत माझ्या दिवडीच्या मानेवर डावीकडचा तिसरा आणि चौथा चौकोन एकमेकांत मिसळून इंग्रजी एल अक्षरासारखा आकार झालाय. तो शोधायचा.

२३ जुलै

सापडली!! सांडव्यापासून पन्नास-साठ पावलांवर, पाणकणसाच्या बुंध्याशी, अर्धं अंग पाण्यात. एल दिसला आणि मग शेपटी पण दिसली, टोकाला गडद खपली, सूज नाही. जाळं रुतलं होतं तिथं एक फिकट पट्टा राहिलाय. मी जवळ गेलो तशी पाण्यात उतरली आणि पोहत गेली. पोहताना मागचं टोक जरा जास्त वळवळतंय असं मला वाटलं, पण हे माझ्या मनाचे खेळही असू शकतात, आधी ती कशी पोहायची ते मी कुठं बघितलं होतं.

आजपासून हिचं नाव बांडी. शेपूट नसलेल्या जनावराला बांडं म्हणतात त्यावरून.

ती नर की मादी हे अजून सांगता येत नाही. एरवी शेपटीवरून अंदाज बांधतात, नराची शेपटी तुलनेनं लांब आणि बुडाशी जाड, पण हिची लांबी मीच मोडून ठेवलीय. अंगानं भरदार आहे आणि दिवडीत माद्याच मोठ्या होतात, एवढ्यावर मादी धरून चाललोय.

४ ऑगस्ट

आज बांडी नाही, दुसरी एक. बांधावर दोन माणसं काठ्या घेऊन उभी आणि मध्ये दिवड, पुढचा भाग थोडा उचललेला, मान चपटी करून फुसफुसतेय.
"ओ दादा, थांबा थांबा, नाग नाहीये तो."
"फणा काढलाय की!"
"फणा नाही, मान चपटी केलीय. डोळ्याखाली बघा, दोन काळ्या रेघा आहेत ना?"
त्यातला एक खाली वाकला, लांबूनच. एक रेघ डोळ्याखालून ओठावर उतरते आणि दुसरी डोळ्याच्या मागून तोंडाच्या कोपऱ्याकडे जाते, तिरकी, काजळ ओघळल्यासारखी. दिवडीची ही सगळ्यात पक्की खूण. दुसरं म्हणजे नाग अंगाचा पुढचा भाग उभा करतो आणि त्याच्या मानेच्या बरगड्या लांब असल्यामुळे खरा रुंद फणा पसरतो, दिवड नुसती मान आणि बऱ्याचदा अख्खं अंगच चेपून रुंद झाल्याचं दाखवते. तो माणूस म्हणाला, "एवढ्या जवळून कोण बघतंय." बरोबर आहे त्याचं. भीती वाटत असताना कुणीच नाही बघणार. पण काठी खाली ठेवली त्यांनी आणि ती गवतातून पाण्यात गेली.

१८ ऑगस्ट

रात्री ९.४० ते ११.१५, आजवरची सगळ्यात चांगली नोंद. बांडी उथळ पाण्यात, जिथं शेतातलं पाणी तळ्यात पडतं तिथं. तोंड पाण्याखाली आणि नाकपुड्या जेमतेम वर. दिवडीच्या नाकपुड्या थोड्या वरच्या बाजूला असतात त्याचा उपयोग हा असा डोळ्यासमोर दिसला. पंधरा मिनिटं काहीच नाही. मग एक बोटभर तिलापिया धारेकडे आला आणि तिनं बाजूनं झडप घातली, मासा मधोमध धरला. मला वाटलं पाण्यातच गिळेल पण ती त्याला घेऊन काठावर आली, चिखलावर, आणि तोंडातल्या तोंडात सरकवत सरकवत डोक्यापर्यंत पोचली. जबड्याची एक बाजू पुढं, मग दुसरी बाजू, चालल्यासारखं. डोक्याकडून गिळलं की पाठीचे काटे मागच्या मागं मिटतात, शेपटीकडून गिळलं तर तेच काटे घशात उभे राहतील. चार मिनिटांत मासा गेला. नंतर दोन वेळा जांभई दिल्यासारखा जबडा उघडला आणि जागेवर बसवला.

अकराच्या सुमाराला बेडूक. हा मागच्या पायाकडून धरला आणि तसाच गिळायला घेतला, बेडूक फुगून अडून बसला होता, ओरडत होता, बघवत नव्हतं खरं तर, पण मी टॉर्च हलवला नाही. अकरा मिनिटं लागली.

मला या सहा आठवड्यांत जी काळजी होती ती आज बरीच कमी झाली. शिकार जमतेय तिला.

८ सप्टेंबर

आणखी दोन बांड्या सापडल्या फोटोंत. एकीचं जेमतेम टोक गेलंय, दुसरीची निम्मी शेपटी नाही. दोन्ही जुन्या, भरलेल्या. आधीही हे साप समोरून गेले असणार पण शेपटीकडे लक्ष द्यायचं कारणच नव्हतं, तोंड बघून दिवड एवढंच लिहायचो आणि पुढं.

१५ सप्टेंबर

एक तुटताना बघितली. काठावर ढोकरी बगळा नेहमीसारखा मान आखडून बसलेला, त्यानं हातभर लांबीची कोवळी दिवड मागच्या टोकाला धरून उचलली. ती हवेतच पीळ घालायला लागली, बगळ्यानं दोनदा चोच आपटली, मधेच ती खाली पाण्यात पडली आणि चोचीत पेनाच्या टोपणाएवढा तुकडा. त्यानं तो गिळला आणि परत मान आखडून बसला. सगळं मिळून आठ-दहा सेकंद. मोबाईल काढेपर्यंत संपलं पण डोळ्यांनी नीट बघितलंय.

२ ऑक्टोबर

गेले सहा दिवस बांडी एकाच जागी, सांडव्याच्या दगडांत. डोळे दुधी निळसर झालेत आणि अंगाचा रंग मेलेला. कात टाकणार. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साठतो त्यानं डोळे असे दिसतात, या दिवसांत तिला धड दिसत नाही म्हणून लपून असते. तिकडं फार जायचं नाही असं ठरवलं.

७ ऑक्टोबर

कात मिळाली! बरोबर तीन महिन्यांनी. दगड आणि वेताच्या मुळीच्या मध्ये अडकलेली, ओठांपासून सुरू होऊन मोजा उलटा काढावा तशी आतली बाजू बाहेर आलेली, अजून ओलसर होती त्यामुळे फाटली नाही. जागेवरच पाण्याचे थेंब टाकून पसरली, पट्टी ठेवून फोटो काढले आणि परत तिथंच ठेवली. अर्धा तास लागला आणि हा अर्धा तास मला कायम लक्षात राहील.

कातेवर काळे चौकोन पुसट का होईना दिसतात, उन्हाकडे धरलं की एल पण दिसला, उलटा. डोळ्यांवरची गोल काच तशीच्या तशी, सापाला पापणी नसते, त्याऐवजी हा पारदर्शक खवला असतो आणि तोही कातेबरोबर निघतो. पाठीच्या खवल्यावर मधोमध बारीक कंगोरा, बोट उलटं फिरवलं की किंचित खरखरतो. अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या रांगा १९ भरल्या, दिवडीला इतक्याच हव्यात. जाळं रुतलं होतं तिथं दोन रांगांतले खवले वेडेवाकडे आणि लहान आहेत.

आणि शेपटी. एरवी कातेची शेपटी सुईसारखी निमुळती होत जाते. हिची पेन्सिलीएवढ्या जाडीवर अचानक संपते आणि टोकाला एक गोल टोपी, खवल्यांची नीट रांग नसलेली, पाच-सहा ओबडधोबड तुकड्यांची, शिवून बंद केलेल्या पिशवीच्या तोंडासारखी. खालच्या जोड्या मोजल्या: ४५.

४५ अधिक माझ्या हातात राहिलेल्या ३४, एकूण ७९. एवढी तिची पूर्ण शेपटी होती. दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे, वहीच्या एका पानावर आले. हा आकडा नरालाही चालतो आणि मादीलाही, त्यामुळे तो प्रश्न सुटला नाहीच.

कात ताणली जाते म्हणून तिच्यावरून सापाची लांबी काढली तर जास्तच येते, ती मी लिहीत नाहीये.

१० नोव्हेंबर

पाणी उतरतंय. बांडी चार वेळा दिसली, दोनदा पोट फुगलेलं. विशेष काही नाही.

२२ डिसेंबर

थंडी. सकाळच्या फेरीला काही अर्थ नाही, दहाच्या आधी एकही दिवड बाहेर नसते. साडेदहाला बांडी पाणकणसाच्या आडव्या पडलेल्या पात्यांवर उन्हात, अंग चपटं करून पसरलेलं. जास्तीत जास्त ऊन अंगावर घ्यायचं असेल तर पसरट होणं हाच उपाय, काठीसमोर घाबरून जी चपटी होते तीच हालचाल इथं निवांतपणे चालली होती. मासे तर नाहीच नाही, थंडीत पचनच मंद होतं त्यामुळे खाणंही कमी. दोन वाजता परत आत.

तळ्यावर मासे धरायला येणाऱ्या आबांशी आज जाळ्याबद्दल बोललो. म्हटलं, आबा, फाटलेलं जाळं काठावर टाकू नका, साप अडकतात. ते म्हणाले, "अरे साप काय, मागच्या खेपेला खंड्या मिळाला होता मेलेला." मग स्वतःच दोन जुनी जाळी गोळा करून घेऊन गेले. मला फार बरं वाटलं.

२६ जानेवारी २०२५

बांडीजवळ दुसरी दिवड, तिच्यापेक्षा बरीच बारीक आणि शेपटी लांब. तो तिच्या पाठीवर हनुवटी घासत मागून पुढं सरकत होता, मध्येमध्ये सगळं अंग शहारल्यासारखं हलायचं. ती हळूहळू पुढं जात राहिली, तोही तिच्याबरोबर. वीसेक मिनिटं बघितलं, मग दोघंही गवतात. बांडी मादीच आहे, आता नक्की. त्या आखूड शेपटीनं मिलनात काही अडचण येत असेल तर ती मला दिसली नाही, अवयव सगळे शेपटीच्या बुडाशी असतात आणि तुटलं होतं ते टोक.

९ मार्च

पोट भरलंय. गिळलेल्या शिकारीचा फुगवटा एका जागी असतो, हिचं मागचं निम्मं अंग सारखंच जाड आणि बाजूंची कातडी ताणून खवल्यांच्या मधली पांढरट त्वचा दिसतेय. दिवड एका वेळी साधारण ३० ते ७० अंडी घालते, कधी याहून कमी, कधी जास्त. चालताना, म्हणजे सरपटताना, जडपणा दिसतो. पाण्यात कमी, बांधावर जास्त. खेकड्यांच्या जुन्या बिळांत डोकं घालून बघते आणि मागं येते, आज तीन बिळं बघितली तिनं.

२३ मार्च

बांडी बांधाच्या उत्तरेकडच्या बिळाच्या तोंडाशी. अंग रिकामं, बाजूला सुरकुत्या, पाठीचा कणा दिसतोय. अंडी घातली. बीळ पाण्याच्या पातळीच्या चांगलं हातभर वर, बाहेर माती कोरडी पण आत ओल असणार. अंड्यांचं कवच चामड्यासारखं मऊ असतं, फार कोरडं पडलं तर अंडी सुकतात, फार ओल झाली तर बुरशी. बीळ कुठं असावं हे तिनं बरोबर साधलंय.

बीळ उकरायचं नाही. आत किती आहेत हे मला कळणार नाही, चालेल.

१३ एप्रिल

तळं निम्म्याहून खाली. चिखलात मासे उघडे पडलेत आणि बगळ्यांची गर्दी. ऊन इतकं की दिवडी संध्याकाळनंतरच बाहेर पडतात. बांडीचं तोंड मात्र मला गेल्या तीन आठवड्यांत सात वेळा त्याच बिळात दिसलं, टॉर्चच्या उजेडात दोन काळ्या रेघा आणि आत वेटोळं. दिवडीची मादी अंड्यांपाशी थांबते असं वाचलं होतं. काल संध्याकाळी एक मुंगूस बांधावरून गेलं तेव्हा माझाच जीव खालीवर झाला, पण ते थांबलं नाही.

२८ मे

पिल्लं!! संध्याकाळी पाच ते सात या वेळात बिळाच्या आसपास नऊ मोजली, पाण्याकडे जाणारी. प्रत्येक जेमतेम वितेपेक्षा लहान, चौकोन मोठ्यांपेक्षा ठळक, डोळ्याखालच्या रेघा तर अशा की कुणी आत्ताच ओढल्यात. एक माझ्या बुटापासून फुटावर थांबलं, मला बघून एवढीशी मान चपटी केली. शेपटीचं टोक केसासारखं बारीक.

बांडी बिळात नव्हती.

पहिला पाऊस पडून गेलाय, डबक्यांत बेडकांनी अंडी घातलीत. पिल्लांना आता बेडूकमासे, म्हणजे बेडकांची पिल्लं, भरपूर मिळतील. तशी त्यांना खाणारेही भरपूर. ढोकरी आहेच, मरळ आहे, आणि पावसाळ्यात पिवळे होतात ते मोठे नर बेडूकसुद्धा, जे मोठ्या दिवडीचं खाणं होतात तेच आज तिच्या पिल्लांना गिळू शकतात.

६ जुलै २०२५

बांडी सांडव्यापाशी, गेल्या वर्षी जिथं शिरली होती त्याच फटीच्या तोंडाशी, दुपारी चार वाजता, पावसाची उघडीप होती तेव्हा. अंग भरलंय परत. मी चार पावलांवर बसलो, ती हलली नाही. लेन्स लावून शेपटीच्या खालच्या बाजूचा एक स्वच्छ फोटो मिळाला कारण ती दगडावरून खाली लोंबत होती. घरी येऊन जोड्या मोजल्या, दोनदा.

४५.